हसनच्या इंजिनात तेल होतं

मी मूळचा दाभोळच्या खाडीकाठचा. माझे बाबा खाडीतल्या लाँचीवर इंजिन सांभाळायचे, या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, परत आणायची, आणि त्यांच्या अंगाला डिझेलचा वास इतका मुरलेला की ईदच्या दिवशी अत्तर लावलं तरी खालून तो वास यायचाच. इंजिन कुठे दुखतंय हे बाबा कानाने सांगायचे. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानावर धरायचे आणि डोळे मिटायचे, आणि मग म्हणायचे, खालचं बेअरिंग गेलंय, किंवा म्हणायचे, वर कोरडं चाललंय. मी आठवीनंतर शाळा सोडली आणि त्यांच्या हाताखाली लागलो. तो स्क्रूड्रायव्हर मात्र मी त्याच्याही आधी पहिल्यांदा कानाला लावला, अकरा-बारा वर्षांचा असेन. हे लक्षात ठेव बेटा, कारण पुढे हे लागणार आहे.

तू परवा फोनवर म्हणालीस, करीम अंकल, मी अब्बांच्या आठवणी गोळा करतेय, फनी स्टोरीजपण चालतील. मी म्हटलं ये. आता तू आलीस, माझ्या मुलाच्या दुबईतल्या या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये माझ्यासमोर बसलीस, मोबाइल टेबलावर ठेवलास, आणि मी लाँचीच्या गोष्टी सांगतोय. फनी स्टोरी माझ्याकडे नाही. एकच गोष्ट आहे, आणि ती मी तुझा अब्बा जिवंत असताना त्याला सांगायला हवी होती. रेकॉर्डिंग मध्ये बंद करू नकोस. थांबलो तर मी परत सुरू होणार नाही, मला मी चांगला माहीत आहे.

तर फुजैरा, अमिरातीचं पूर्वेकडचं बंदर. मी तिथे आलो तेव्हा बंदराबाहेर समुद्रात जहाजं रांगेने उभी असायची, तेल भरून घ्यायला, आणि आमची बार्ज, म्हणजे तेलाची सपाट बोट, त्यांना तेल पुरवायला जायची. मी बार्जवर फिटर. काम काय, तर पाइप जोडायचे, व्हॉल्व दुरुस्त करायचे आणि मुख्य म्हणजे पॅकिंग कापायचं. दोन लोखंडी तोंडं एकमेकांना जोडताना मध्ये जे जाड कागदासारखं घालतात ना, गळू नये म्हणून, ते. तयार पॅकिंग मिळतं, पण समुद्रात कुठून आणणार, मग शीट घ्यायचं, लोखंडाच्या तोंडावर धरायचं आणि बॉलपिन हातोडीने कडेकडेने ठोकायचं, कडा आपोआप कापली जाते. बोल्टची भोकं पाडायला बेअरिंगमधले पोलादी छर्रे असतात, भोकाच्या मापाचा छर्रा वर ठेवायचा, एक ठोका, भोक तयार. मोठा बोल्ट, मोठा छर्रा. बारीक भोक, बारीक छर्रा. मी हे काम डोळे मिटून करायचो. आमचा मल्याळी सुपरिंटेंडेंट म्हणायचा, करीम का पॅकिंग कभी नहीं गलता. मला त्याचा फार अभिमान होता. होता म्हणजे काय, डोक्यात गेला होता.

तुझा अब्बा, हसन, त्याच कंपनीत टाइमकीपर. कोण किती वाजता आला, कोण गेला, दिवसभर यार्डात फिरून नोंदी घ्यायच्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, गुहागरकडचा, पण परदेशात खाडीच्या अलीकडचा काय आणि पलीकडचा काय, तो माझा गाववालाच झाला. आम्ही दोघं एका जुन्या घरात एक खोली घेऊन राहायचो, समोर आंगण होतं, आंगणात एक सिद्रचं, म्हणजे आपल्या बोरीचं झाड. स्वयंपाक तो करायचा. सोलकढी करायचा आणि म्हणायचा, करीमभाई, तुम्ही इंजिनचं तेल पिऊन जगू शकता, मला माणसाचं जेवण लागतं. सारखा बोलायचा. बोलायचा आणि विचारायचा. हे काय, ते कशाला, हे उलटं बसवलं तर काय होईल. माझं डोकं उठायचं.

सत्त्याण्णव साल असेल. तुझी मम्मी आणि तू गावाला, तू तेव्हा तीन वर्षांची. तुम्हाला इकडे आणायचं म्हणून त्याचं सगळं चाललेलं, आणि त्यात कुठूनतरी त्याने एक जुनी मोटरसायकल उचलली. जपानी, दोनशे सीसी, कुणा पठाणाच्या गॅरेजमागे उन्हात पडलेली. सहाशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे सहा हजार रुपये धर. ढकलत आणली त्याने, घामाने निथळत, आणि आंगणात उभी करून म्हणाला, करीमभाई, ही बरी होईल का? जसं काही पोर आजारी आहे.

मी किक मारून पाहिली, किकला जोरच लागत नव्हता, पाय सरळ खाली. दहाव्या किकला सुरू झाली तर मागून निळा धूर, इतका की शेजारचा मिसरी, इजिप्तचा माणूस, बाहेर येऊन म्हणाला, काय जाळताय? निळा धूर म्हणजे तेल जळतंय, किकला जोर नाही म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. मी म्हटलं, हसन, हे उघडावं लागेल. तो म्हणाला, उघडूया. असा म्हणाला, जसं फणस उघडायचा आहे.

मग आमचे शुक्रवार त्यात गेले. सुट्टी शुक्रवारची. जुम्माची नमाज पढून यायचं, जेवायचं आणि झाडाच्या सावलीत चटई टाकून बसायचं. इंजिन उतरवलं, हेड काढलं, सिलिंडरचा ब्लॉक काढला. बोअरला नखाने लागतील असे ओरखडे. ब्लॉक इंडस्ट्रियल एरियात नेऊन बोअर करून आणला, पिस्टन एक साइज मोठा घातला. व्हॉल्व आम्ही घरीच घासले, पेस्ट लावून, तो रबराची काठी तळहातांत रवीसारखी फिरवायचा आणि म्हणायचा, ताक कधी होणार? मग घासलेल्या व्हॉल्ववर रॉकेल ओतून बघायचं, खाली थेंब आला तर परत घासायचं. एक थेंब आला नाही त्या दिवशी तो मोठ्याने माशाल्ला म्हणाला. काय सांगू तुला रुबिना, ते शुक्रवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, आणि त्यांची आठवण काढायचाही हक्क मी घालवला.

आता नीट ऐक. पॅकिंगचा सेट दुबईतून मागवला, तो आला, पण ब्लॉकच्या खालचं पॅकिंग त्यात दुसऱ्याच मॉडेलचं निघालं. मी म्हटलं, सोड, करीम कशाला आहे. बार्जवरून शीटचा तुकडा आणला आणि पॅकिंग कापायला बसलो. मधलं मोठं भोक, पिस्टनचं, त्यालाच जोडून कॅमच्या साखळीची खाच. चार बोल्टची भोकं. आणि एका कोपऱ्यात एक बारीक भोक, ज्वारीच्या दाण्याएवढं. ते तेलाचं. खालून पंप तेल ढकलतो, ते त्या भोकातून वर हेडमध्ये जातं, तिथे कॅम फिरतो, रॉकर हलतात, त्यांना तेल मिळतं. ते भोक नसेल तर खाली तेल भरपूर आणि वर टिपूस नाही. समजलं ना? माणसाच्या गळ्याला दोरी बांधल्यासारखं.

मी मधलं भोक पाडलं, चार बोल्टची पाडली, आणि बारीक छर्रा हातात घेतला तर तो सटकला आणि टणटण करत दारातून आत खोलीत गेला. हसन पोटावर झोपून फ्रिजखाली, खाटेखाली शोधायला लागला. म्हणाला, करीमभाई, इथे झुरळं आहेत, तुमचा एक मोजा आहे, छर्रा नाही. आम्ही हसलो. तेवढ्यात बार्जवरून निरोप, पाइप फुटलाय, लगेच या. मी पॅकिंग पिशवीत ठेवलं आणि गेलो.

पुढच्या शुक्रवारी बसलो ते थेट जोडायलाच. पॅकिंग पिशवीतून काढलं, उलटसुलट पाहिलं. बार्जवरच्या पाइपाला मधलं एक भोक असतं आणि भोवती बोल्ट, बस. वर्षानुवर्षं मी तेच मोजत आलो. मधलं एक, बोल्ट चार, बरोबर. बसवलं. मग ब्लॉक. नवीन रिंगा दाबून पिस्टन ब्लॉकमध्ये घालायचा हे महाकर्मकठीण काम, एक रिंग आत गेली की दुसरी बाहेर येते, आम्हाला तास लागला, बोटं सोलली, आणि एकदाचा ब्लॉक खाली बसला. मी कपाळ पुसलं. आणि तेव्हा तुझा अब्बा म्हणाला, करीमभाई, त्या बारीक छर्‍याचं काय झालं? सापडला नाही ना तो. मग ते भोक?

मी बसवलेल्या ब्लॉककडे बघितलं, बेटा. पाडलं होतं का मी? आठवेना. दुसऱ्या छर्‍याने पाडलं असेल, बार्जवर पाडलं असेल. ब्लॉक परत उचलून बघितलं असतं तर कळलं असतं. पण मग परत रिंगा, परत तासभर, आणि मुख्य म्हणजे या टाइमकीपरने मला, करीम फिटरला, चूक दाखवली असं झालं असतं. तो विचारत होता, खलास? हो ना, झालं ना? आणि मी म्हटलं, खलास. यल्ला, हेड दे.

एवढंच. एक शब्द. इथे तो दिवसाला शंभर वेळा बोलतात, जेवण झालं, खलास, बिल भरलं, खलास. मी तसाच म्हटला.

इंजिन सुरू झालं. दुसऱ्या किकला. धूर नाही, काही नाही. हसन आंगणात नाचला, मिसरीला मिठी मारली. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक हेडला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आणि मला ऐकू आलं. वरून टक टक टक, कोरडी. बाबा असते तर तिथेच बंद केलं असतं. टॅपेटचं झाकण उघडून आत तेल येतंय का बघायला दोन मिनिटं लागतात. मी उघडलं नाही. हसनने विचारलं, आवाज कसला? मी म्हटलं, नवीन आहे, बसेल हळूहळू.

पुढच्या शुक्रवारी तो मसाफीला निघाला. तिथे रस्त्याच्या कडेला बाजार भरतो, गालिचे, कुंड्या, फळं. तुम्ही येणार म्हणून त्याला खोलीत घालायला गालिचा हवा होता, लाल, त्यावर मोर असलेला, तुला मोर आवडेल म्हणून. मी म्हटलं गालिचा बाइकवर आणशील कसा? तो म्हणाला, पाठीला बांधून, उंटासारखा. जाताना चढावर इंजिन तापलं, पण निभावलं. गालिचा घेतला, पाठीला बांधला. येताना डोंगरातल्या उतारावर वर कॅम चिकटला, त्याची साखळी तुटली, इंजिन जागच्या जागी गच्च झालं, मागचं चाक जॅम. मागून पिकअप होती. तिच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला ओढली म्हणून जीव वाचला. उजवा पाय गेला नाही, पण मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं.

डॉक्टर म्हणाले, पाठीला गालिचा होता म्हणून कणा वाचला. तो गालिचा तुमच्या घरी होता. तू त्यावर बसून अभ्यास करायचीस.

बाइक पिकअपवाल्याने आंगणात आणून टाकली. त्याच दुपारी मी ती उघडली. एकटाच होतो. तळाचा बोल्ट सैल केला तर तेल भरलेलं, पुरेपूर, मीच भरलेलं. मग हेड काढलं, कॅम निळा पडलेला, भाजलेला. ब्लॉक उचलला आणि पॅकिंग पाहिलं. मधलं एक, बोल्ट चार. कोपरा कोरा.

मग उठलो आणि दोन कामं केली. पॅकिंग गॅसवर धरलं आणि जाळलं. आणि तेल, ते सगळं चांगलं तेल, मी तळातून डब्यात काढलं आणि नेऊन फेकलं. मग इंजिन आहे तसं, सांगाडा, आंगणात ठेवलं. कोणी विचारलं तर कोरडं दिसेल असं. ते मी केलं. चूक माणसाकडून होते, भोक राहून गेलं असं म्हणता आलं असतं. पण तेल मी माझ्या या हातांनी काढलं.

थांब. रडू नकोस. हो, काय म्हणालीस? हो बेटा. यू ड्रेन्ड इट, हेच. मीच.

सुपरिंटेंडेंटने मला बोलावलं. हसन बरा होऊन यार्डात फिरू शकणार नव्हता, पण बसून करायचं काम त्याला देता येईल का, असं ऑफिसात चाललं होतं. त्याने विचारलं, करीम, इंजिन तुम खोला, क्या हुआ था? मी म्हटलं, साब, तेल नव्हतं. बघितलं नाही हसनने. साब हसला, कडू हसला. म्हणाला, तेलाच्या बंदरात काम करतो आणि स्वतःच्या गाडीत तेल नाही, अशा माणसाला मी कुठे बसवू? हसनची नोकरी गेली. त्याच महिन्यात मी फोरमन झालो. त्याचा याच्याशी संबंध नव्हता म्हणे. असेल नसेल.

तुझा अब्बा कुबड्यांवर आंगणात आला. कोरडं इंजिन बघितलं. मला वाटलं आता विचारेल, हा तर सगळं विचारायचा. पण बेटा, तो खाली मान घालून उभा राहिला आणि म्हणाला, करीमभाई, मला माफ करा. तुम्ही इतके शुक्रवार घातलेत आणि मी तेल बघितलं नाही. निघताना गालिच्याच्याच नादात होतो. त्याने माझी माफी मागितली. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, जाऊ दे हसन, होतं असं.

पुढचं तुला माहीत आहे. तुमचा व्हिसा दोन वर्षं लांबला. दुबईत रास अल खोरला एका स्पेअर पार्टच्या दुकानात त्याला काउंटरवर बसायचं काम मिळालं, उंच स्टुलावर, उजवा पाय पुढे सरळ टाकून. मी सुट्टीत दुबईला आलो की तिथे जायचो. एकदा मी चहा पीत बसलोय, एक पठाण ड्रायव्हर फिल्टर घ्यायला आला, तर हसन त्याला म्हणतो, भाईजान, तेल चेक किया? आणि पायाची पँट वर करून दाखवतो, ती लांबच्या लांब खूण, आणि म्हणतो, मैंने नहीं किया था, ये देखो. पठाण हात जोडून हसला. मग हसन माझ्याकडे वळून म्हणाला, करीमभाई, रोज एका तरी माणसाला सांगतो मी, तेवढाच सवाब, तेवढंच पुण्य. तो चहा मी कसा गिळला ते अल्लाला माहीत. बारा वर्षं तो तिथे बसला. रोज एक म्हटलं तरी किती माणसांना माझं खोटं त्याने त्याच्या तोंडाने सांगितलं.

आणि साबिरा भाभी, तुझी मम्मी. मी तुमच्याकडे जेवायला यायचो, तेव्हा पोळी वाढताना ती म्हणायची, ह्यांना कुठली गोष्ट बघायची सवयच नाही भाईजान, एक तेल बघायचं होतं, तेवढं बघता आलं नाही, नाहीतर आज आपण फुजैराला स्वतःच्या घरात असतो. तो हसायचा. म्हणायचा, बरोबर आहे तिचं. आणि मी पोळी घ्यायचो. अजून एक वाढा भाभी, असंही म्हणायचो.

सांगायचं खूपदा ठरवलं. दोन हजार तीनमध्ये मी ती फुजैराची खोली सोडली. फ्रिज हलवला तर मागे, धुळीत, तो छर्रा. त्या दिवशी मी टॅक्सी करून दुबईला आलो होतो, छर्रा खिशात घेऊन, आज सांगतोच म्हणून. हसन दुकानात नव्हता, तुझ्या शाळेत बक्षीस समारंभ होता, तिकडे गेलेला. मी परत फिरलो. मला बरं वाटलं. मला बरं वाटलं की तो नव्हता, असा माणूस आहे मी.

मग तो गेला. जनाज्याला खांदा द्यायला मी पुढे होतो. तेव्हा लोक म्हणाले, करीमभाईसारखा दोस्त मिळायला नशीब लागतं.

हा घे. हाच तो छर्रा. बघ केवढासा आहे. गंज चढू नये म्हणून मी त्याला तेल लावत आलोय, हसू येतं ना. नको हसूस. हातात धर.

काय म्हणालीस? खलास, अंकल? खलास म्हणजे काय म्हणायचंय तुला? पुरे झालं, की झालं गेलं, माफ केलं, की आता तुमचा आमचा संबंध संपला? नाही, सांगू नकोस. तुला जे म्हणायचं ते तू ठरव, पण आज नको, आणि त्या शब्दाने नको. तो शब्द मी एकदा वापरलाय.

तू म्हणतेस, मम्मीला कोण सांगणार. हो, मला वाटलंच होतं विचारशील, हसनचीच मुलगी तू. मी म्हणणार होतो, तूच सांग, हे रेकॉर्डिंग तिला ऐकव. ते सोपं पडलं असतं मला. माझ्या सगळ्या गोष्टी दुसऱ्यानेच भोगल्या, मग हीही तू भोग, असंच झालं असतं. नको. माझाच फोन दे तो, तिथे उशीजवळ आहे. नंबर आहे त्यात, साबिरा भाभी, गुहागर. आता गावाला असरची नमाज होऊन गेली असेल, ती ओट्यावर बसते या वेळी, तूच सांगितलं होतंस. लाव. स्पीकरवर नको टाकूस. कानाला लावतो मी.

तुझं भलं होवो बेटा. तू इथेच बस, जाऊ नकोस.

हॅलो. भाभी? मी करीम बोलतोय. हो, तब्येत बरी आहे. हो, आली ना, रुबिना इथेच आहे, माझ्यासमोर. नाही नाही, तिला काही झालं नाही. तुम्ही बसल्यात का? बसा आधी. भाभी, हसनच्या इंजिनात तेल होतं.